दुसरीचा वर्ग: वाचता येतं, पण आपणहून पुस्तक उचलत नाहीत. रोजच्या वीस मिनिटांत काय करू?

दुसरीच्या_बाई
कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, माझ्याकडे दुसरी. मुलं ऊस आणि दुभती जनावरं असलेल्या घरातली, काहींचे आईवडील शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला. दिवाळीनंतर बहुतेकांची अक्षरं, काना-मात्रा पक्क्या झाल्यात. धडा दिला तर अडखळत का होईना शेवटपर्यंत जातात. वर्गात मागच्या भिंतीला वाचन कोपरा आहे आणि पुस्तकं खरंच चांगली आहेत, मोठ्या चित्रांची. तरी मधल्या सुट्टीत तिकडं कुणी फिरकत नाही. मी पाठवलं तर जातात, भराभर पानं उलटतात आणि परत जागेवर येतात.

चाचणीपुरतं वाचन मला नको आहे. पुढं शाळा सुटली तरी पुस्तक सुटू नये, एवढी ओढ याच वयात लागावी असं मनापासून वाटतं. वेळापत्रकातून रोज वीस मिनिटं काढायची माझी तयारी आहे, मुख्याध्यापकांचीही हरकत नाही. त्या वीस मिनिटांत नेमकं काय करावं? पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा. पालकांनीही लिहा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
बाई, असा विचार करणारं कुणीतरी आहे हे वाचून बरं वाटलं. माझ्या मुलीच्या शाळेत वाचन म्हणजे धडा घोकून म्हणणं. परवा तिनं आख्खा धडा घडाघडा वाचून दाखवला. बघतो तर पान भलतंच उघडलेलं!

गडहिंग्लजचे_गुरुजी
बाई, सुरुवातीला मुलांना वाचायला सांगूच नका, तुम्ही वाचा. रोज दहा मिनिटं, न चुकता, शक्यतो एकाच वेळेला. आमच्याकडं पोषण आहारानंतर मुलं जरा सुस्तावतात, ती वेळ आम्ही गोष्टीला दिली.

पुस्तक मुलांकडं तोंड करून धरायचं. पहिल्या दिवशी मुखपृष्ठावरच थांबायचं. चित्रात काय दिसतंय, हा प्राणी कुठं निघाला असेल, एवढंच बोलायचं. मग वाचायला घ्यायचं. पान उलटण्याआधी एखाद्या ठिकाणी थांबून "आता पुढं काय हुईल?" असं विचारायचं. प्रत्येक पानावर प्रश्न विचारत बसलात तर गोष्टीचा जीव जातो, त्याची परीक्षा होते. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट परत वाचायची. मुलं "ही झाली की" म्हणत नाहीत, उलट तोंडानं साथ देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पुस्तक कोपऱ्यात ठेवून द्यायचं, काही न सांगता.

आमच्या वर्गात सगळ्यात आधी हातात गेली ती हीच, ऐकलेली पुस्तकं. गोष्ट माहीत असते, पुढचा शब्द कुठला येणार याचा अंदाज असतो, म्हणून अडखळलं तरी मूल पुस्तक सोडत नाही. अनोळखी पुस्तकात पहिल्याच ओळीला दमतं.

पेठेतला_मास्तर
गुरुजींचा अनुभव मोठा आहे, पण मला वेगळं वाटतं. कोपऱ्यातली पुस्तकं पडून राहतात याचं पहिलं कारण वाचनाला होणारा त्रास. बाई स्वतःच "अडखळत" म्हणतात. मूल "क ला काना का, म ला मात्रा मे" असं मनात जोडत जोडत ओळीच्या शेवटी पोचतं तोवर ओळीची सुरुवात विसरलेलं असतं. त्याला गोष्टीतली मजा कुठून कळणार? मोठ्या माणसालाही एवढे कष्ट पडले तर तोही पुस्तक मिटून ठेवेल.

केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या अभियानात (२०२१ पासून) दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द असं धरलंय. या आकड्यांवर टीका करणारे पुष्कळ आहेत. पण त्यामागचं कारण खरं आहे: शब्द ओळखण्यातच सगळं लक्ष गेलं तर अर्थाला उरत नाही. आधी वाचन सोपं व्हायला हवं. पाच-सहा ओळींचा एकच उतारा आठवडाभर रोज वाचून घ्या. सोमवारी अडखळणारं पोर शुक्रवारी सलग वाचतं आणि त्याचं त्यालाच ते जाणवतं. तालमीत जोर-बैठका घातल्याशिवाय कुस्तीची मजा येत नाही.

गडहिंग्लजचे_गुरुजी
मास्तर, सराव हवाच, त्यावर आपलं दुमत नाही. पण आठवडाभर तोच उतारा एवढंच वाचन वाट्याला आलं, तर वाचायचं कशासाठी ते मुलाला कधी कळायचं?

पेठेतला_मास्तर
मान्य. मग उतारा गोष्टीतलाच घ्या. तुम्ही वाचून दाखवलेल्या पुस्तकातलं त्यांच्या आवडीचं पान. दोन्ही जमेल.

आणखी एक. एक मूल उभं राहून वाचणार आणि बाकीचा वर्ग बोट ठेवून बसणार, हा प्रकार वीस मिनिटांत अजिबात नको. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम मिनिट येतं, आणि कच्च्या मुलाला ते मिनिट सगळ्या वर्गासमोर काढावं लागतं. त्यापेक्षा जोड्या लावा. एक वाचेल, दुसरा ऐकेल, मग उलट. वर्गात गलका होईल, होऊ दे.

गंगावेस_कट्टा
चौथीची पोरं दुसरीच्या वर्गात न्यायची, एकेकाला एकेक दोस्त जोडून द्यायचा. आमच्या गुरुजींनी आमच्यासाठी हे केलं होतं. धाकट्याला वाचून दाखवायचंय म्हटल्यावर मी घरी आदल्या रात्री तयारी करायचो. चौथीतल्या कच्च्या पोरांना तर दुसरीचं पुस्तक वाचायला यापेक्षा मानाचं निमित्त नाही.

शिरोळची_ताई
मी अंगणवाडीत होते, आता गावातल्या प्राथमिक शाळेत मदत करते. २०१९ च्या पुरात आमच्या शाळेतली पुस्तकं भिजून गेली. नंतर ठिकठिकाणाहून मदत आली तेव्हा कपाट नव्हतं, म्हणून आम्ही वर्गात दोरी बांधली आणि कपड्याच्या चिमट्यांनी पुस्तकं अडकवली. मुलांच्या हाताला येतील अशी, मुखपृष्ठ दिसेल अशी. नंतर कपाट मिळालं तरी मुलांनी दोरी काढू दिली नाही. कपाटात पुस्तकाची फक्त कड दिसते, त्यावरून दुसरीच्या मुलाला काय कळणार? बाई, तुमच्या कोपऱ्यात पुस्तकं उभी लावलीत की तोंड दिसेल अशी?

दुसरीच्या_बाई
ताई, उभी लावलीत, आणि वरचा खण त्यांच्या डोक्याच्याही वर आहे. उद्याच दोरी बांधते.

कारखान्याजवळची_शाळा
आमच्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की बीड भागातून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं वर्गात बसतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांना सवय लावायला मला चार-पाच महिने मिळतात. मी पहिल्या आठवड्यापासून पुस्तक खोपीवर न्यायला देतो. आई पहाटे फडात जाते, मोठी बहीण धाकट्याला सांभाळत बसते. ती त्याला चित्रं दाखवत वाचते. तिच्या वाचनाला तिथं गिऱ्हाईक आहे बघा. जाताना मी प्रत्येकाला एक पुस्तक कायमचं देतो.

अडचण एकच, पुस्तकांची नोंद. जडसंग्रहात, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत चढलेलं पुस्तक हरवलं तर कोण भरणार, या भीतीनं कितीतरी शाळांत पुस्तकं कुलपात आहेत. मला हे बघवत नाही. मुलांसाठी आलेली पुस्तकं, आणि त्यांना हात लावायची मुलांनाच बंदी.

निवृत्त_केंद्रप्रमुख
कारखान्याजवळच्या सरांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मी शाळा तपासायला जायचो तेव्हा कोरी करकरीत पुस्तकं दिसली की वाईट वाटायचं आणि फाटकी दिसली की बरं वाटायचं. वापरून फाटलेली पुस्तकं शाळा व्यवस्थापन समितीपुढं ठेवून, ठराव करून रीतसर निर्लेखित करता येतात, म्हणजे नोंदीतून कमी करता येतात. आमच्या केंद्रातल्या शाळांनी ते केलं. मुख्याध्यापकांनी मनातली भीती काढावी, आणि केंद्रप्रमुखांनी तसं शाळेत जाऊन तोंडानं सांगावं. कागदापेक्षा त्याचा उपयोग होतो.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेत यावं म्हणून एवढा खटाटोप ज्या मुलखात झाला, तिथं शाळेत आलेल्या मुलापासून पुस्तक लांब ठेवणं शोभत नाही.

खंडोबा_फॅन
थोडं अवांतर. मला शाळेत वाचन म्हटलं की पोटात गोळा यायचा. पण आज्जीबरोबर केएमटीच्या सिटी बसनं जाताना पाट्या वाचायचो. मिरजकर तिकटी, बिंदू चौक, लक्ष्मीपुरी. आज्जीला वाचता यायचं नाही, त्यामुळं गाडी आली की पाटी वाचायची जबाबदारी माझी. 'मिरजकर'मधला र मला शाळेत नाही, स्टॉपवर समजला. आणि फुटबॉल! शाहू स्टेडियमवर सामना झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात आपल्या टीमचं नाव शोधायचं. बोट ठेवून सगळी बातमी वाचायचो. कुणी 'वाच' म्हणून सांगितलं नव्हतं. बाई, वर्गात फुटबॉलच्या बातम्यांची कात्रणं लावा. नाद खुळा वाचतील पोरं.

पाटाकडील_समर्थक
बातमीत दुसऱ्या टीमचंही नाव असतं भावा, तेही वाचायला लाव. 😄

दुसरीच्या_बाई
ही कल्पना फार आवडली. माझ्या वर्गातले दोघं-तिघं सगळ्यात शेवटी वाचणारे आहेत, आणि नेमके तेच मैदानावर सगळ्यात पुढं असतात.

कागलची_मावशी
मी पहिलीला आहे. कात्रणांसारखंच अजून एक सांगते. मुलांनी सांगायचं, आपण मोठ्या कागदावर तसंच्या तसं लिहायचं, मग सगळ्यांनी ते वाचायचं. सोमवारी विचारते, काल घरी काय झालं? एकानं सांगितलं, "आमच्या म्हशीनं दावं तोडलं आनि शेजारच्या वैरनीत शिरली." लिहिलं. खाली त्याचं नाव. दिवसभर पोरगं त्या कागदापाशी जाऊन येत होतं, आणि वर्गातल्या प्रत्येकाला ते वाक्य वाचता येत होतं. असे कागद साठले की दोऱ्यानं शिवून पुस्तक करते. कोपऱ्यातलं सगळ्यात जास्त हाताळलं जाणारं पुस्तक ते.

शुद्धलेखन_आग्रही
ताई, हेतू चांगला आहे, पण 'आनि', 'वैरनीत' असं शिक्षकाच्या हातानं कागदावर येणं मला पटत नाही. मुलं एकदा डोळ्यानं पाहिलेलं विसरत नाहीत. पुढं निबंधात तेच लिहितील. बोलीचा मान ठेवावा, लिहिताना मात्र प्रमाण मराठी असावी.

कागलची_मावशी
मुलानं आपलं बोलणं पहिल्यांदा कागदावर बघितलं आणि ते मी बदललेलं निघालं, तर त्याला काय वाटेल? आपलं बोलणं चुकीचं, असंच ना? मला पहिलीत हे नको आहे. तोंडातून निघालेला शब्द आणि कागदावरचा शब्द एकच आहे हे त्याला एकदा पक्कं कळू दे. दुसऱ्या सत्रात मी दोन्ही शेजारी लिहिते, वर त्याचं वाक्य, खाली पुस्तकातल्यासारखं. मुलं स्वतःच फरक शोधतात.

गडहिंग्लजचे_गुरुजी
मावशींच्या बाजूनं. आमच्या सीमाभागात घरी कन्नड बोलणारी मुलं येतात. त्यांना अक्षरं जोडता येतात, शब्द स्पष्ट वाचतात, आणि अर्थ विचारला की गप्प. त्यांच्यासाठी गोष्ट आधी चित्रांवरून बोलून घ्यावी लागते, दोन्ही भाषा मिसळून. अक्षर जुळवणं आणि भाषा समजणं अशा दोन्ही बाजू भरल्या तरच वाचन होतं. मास्तरांनी एक बाजू सांगितली, मावशी दुसरी सांगतायत.

शुद्धलेखन_आग्रही
दोन्ही वाक्यं शेजारी लिहिण्याची पद्धत मान्य. तेवढा भाग मला आधी लक्षात आला नव्हता.

ताराबाई_पार्क_पालक
सोपा उपाय सुचवते. भिंतीवर तक्ता लावा, पुस्तक वाचलं की एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की बक्षीस. माझ्या मुलाच्या वर्गात आहे, मुलं धडाधड पुस्तकं संपवतात.

मानसशास्त्र_शिवाजी_विद्यापीठ
ताई, जरा थांबून विचार करूया. १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. बालवाडीतल्या, चित्र काढायची मुळात आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं चित्राकडे कमी वळली. ज्यांना आधी न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिलं, त्यांचं तसं झालं नाही. वाचन आणि चित्र वेगळं हे खरं, पण चांदणीसाठी वाचणारं मूल पातळ पुस्तकं निवडतं आणि भराभर पानं उलटतं, हे शिक्षक सांगतीलच.

कारखान्याजवळची_शाळा
सांगतो की. तक्ता होता तेव्हा सगळ्यात बारीक पुस्तकासाठी भांडणं व्हायची.

ताराबाई_पार्क_पालक
आमच्याकडे भांडणं नाहीत, पण मुलगा घरी पुस्तक मागत नाही हे खरं आहे. तक्ता शाळेतच राहतो आणि वाचनही. यावर वर्गशिक्षिकांशी बोलते.

उजळाईवाडीची_आजी
मी शिक्षिका नाही. नातू पहिलीत आहे. सून कामावरून दमून येते, तिला मी म्हटलं, तू भाकरी थाप, पोरगं पाटावर बसून तुला वाचून दाखवेल. तिनं नुसतं "मग?" म्हणायचं. चुका काढायच्या नाहीत. आता तिच्या भाकऱ्या संपल्या तरी त्याची गोष्ट संपत नाही. ज्या घरात आईला वाचता येत नाही तिथंसुद्धा हे जमतंय, ऐकायला काय लागतं? पालकसभेत बायांना हे सांगा. अभ्यास घ्या म्हटलं की त्या गप्प बसतात. ऐका म्हटलं की हो म्हणतील.

पहिले_पाऊल_स्वयंसेविका
आजी, अगदी खरं. शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' अभियानात आम्ही वाडीवाडीवर मातांचे गट केले. सुरुवातीला बाया लांब उभ्या राहायच्या. गोष्ट ऐकायची आहे म्हटल्यावर पुढं आल्या, आणि मग त्यांच्याच जात्यावरच्या ओव्या निघाल्या. त्या ओव्या लिहून वर्गात लावल्यात. मुलांना पाठ असतातच, त्यामुळं बोट ठेवून वाचता येतात.

डोळ्यांचा_दवाखाना
बाई, वाचन टाळणाऱ्या मुलांचे डोळे तपासलेत का? फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघणारं, पुस्तक नाकाशी धरणारं, डोळे चोळणारं मूल लक्षात ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्यांना ही नावं मुद्दाम सांगा. गर्दीत अशी मुलं निसटून जातात. आणि डोळे, कान ठीक असून, भरपूर सराव होऊनही जे मूल सारखीच अक्षरं पुन्हा पुन्हा विसरतं, त्याच्यासाठी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. अशा मुलाला आळशी म्हणू नये.

दुसरीच्या_बाई
सगळ्यांचे खूप आभार. दोन रात्री हेच वाचत बसले. दोरी बांधली. पहिल्याच दिवशी गर्दी झाली, आता नव्याची नवलाई ओसरल्यावर काय होतंय ते बघायचं.

वीस मिनिटांचं असं ठरवलंय: दहा मिनिटं मी वाचून दाखवणार, गुरुजींनी सांगितलं तसं, एक पुस्तक तीन-चार दिवस. पुढची दहा मिनिटं जोडीनं वाचन. मंगळवारी आणि गुरुवारी चौथीची मुलं येतील, त्यांच्या बाईंशी बोलले. जोडीत काय वाचायचं ते मुलं ठरवतील, फक्त जी चार-पाच जणं फारच अडखळतात त्यांच्याजवळ मी बसेन आणि मास्तर म्हणतात तसं ऐकलेल्या गोष्टीतलं एकच पान घेईन. शनिवारी कागलच्या मावशींचा कागद. तक्ता नाही, चांदणी नाही, वाचल्यावर प्रश्नपत्रिका तर नाहीच. पालकसभेत आजींचं म्हणणं मी आजींच्याच शब्दांत सांगणार आहे. डोळ्यांसाठी दोन नावं काढून ठेवलीत.

आता अडतंय पुस्तकांवर. तीन-चार दिवसांना एक धरलं तर माझ्याकडची उन्हाळ्यापर्यंत पुरणार नाहीत, आणि मागं बसलेल्यांना दिसायला हवं तर चित्रं मोठी हवीत.

कारखान्याजवळची_शाळा
'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या. छापून घ्यायलाही परवानगी आहे. मी मोबाईलवरून टीव्हीला जोडून दाखवतो, मग चांगल्या निघाल्या त्याच छापतो. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकंही स्वस्तात मिळतात, ती प्रदर्शनात घ्या.

निवृत्त_केंद्रप्रमुख
गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला भेटा. सरकारी वर्गवारीत सगळ्यात लहान, 'ड' वर्गाचं का असेना, बालवाङ्मय असतंच आणि बहुतेक वेळा ते पडून असतं. मुलांना महिन्यातून एकदा रांगेनं तिथंच न्या. शहरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, सहल काढलीत तर अंबाबाईच्या दर्शनाबरोबर तेही दाखवा. एवढी पुस्तकं एका जागी बघितलेली नसतात मुलांनी.

पेठेतला_मास्तर
बाई, जोडाक्षरांची काळजी आत्ता करू नका, वाचून दाखवताना आपोआप कानावर पडतील. फक्त पहिले काही आठवडे पानावर दोन-तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर नसलेली पुस्तकं निवडा. माझ्याकडं मोठ्या आकाराची अशी बरीच आहेत, सध्या माझी मुलं पुढच्या इयत्तेत गेल्यानं मोकळी आहेत. तुमच्या केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याची शिक्षण परिषद कुठं आहे?

दुसरीच्या_बाई
या महिन्याची आमच्याच केंद्रशाळेत आहे, शुक्रवारी. याल का खरंच?

पेठेतला_मास्तर
शाळा सुटल्यावर गाडीवरनं येतो. दोन पिशव्या होतील. मार्चअखेर परत द्या, फाटली तर फाटू देत.

कागलची_मावशी
मास्तर, येताना आमच्या म्हशीच्या पुस्तकाची झेरॉक्स पण न्या. उद्या व्हॉट्सॲपवर टाकते.